एनॉकचा डावा बूट

ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं. पण हे खरं घडलंय. त्या दिवशी खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याला आमचं कोलेटा बेट आहे. गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. आर्झीलिया मिकेल, म्हणजे साऱ्या बेटाची आर्झीमावशी, खाडीच्या काठावर लेकीबरोबर राहायची. वय पंच्याऐंशीच्या पुढे. कान मात्र तिखट.

भुताखेतांनी आत येऊ नये म्हणून आमच्याकडे दारं निळी रंगवतात. मावशीने आपलं दार कधीच रंगवू दिलं नाही.

कारण रोज दिवेलागणीला तिच्याकडे कोणीतरी यायचं.

आधी खाडीतले बेडूक गप्प व्हायचे. सगळे एकदम.

मग वाळूच्या वाटेवरून...

टक्... थप्.

टक्... थप्.

एका पायात बूट. दुसरा पाय अनवाणी.

पावलं पायऱ्या चढायची. ओट्यावर पाण्याची बादली असायची, तिच्यातलं ओगराळं हलायचं. दारावर एकच थाप पडायची. हलकी. मग पुन्हा बेडूक ओरडू लागायचे.

सकाळी ओगराळं बादलीबाहेर पडलेलं असायचं. ओलं.

तो तिचा बाप होता. एनॉक मिकेल. आमच्या काळ्या लोकांचे झुंडबळी थांबावेत असा कायदा व्हावा म्हणून तो होडीने बेटाबेटावर फिरून सह्या गोळा करायचा. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घ्यायचा. आर्झी तेव्हा पाळण्यात होती. एका संध्याकाळी दारावर थाप पडली. अगदी हलकी, ओळखीच्या माणसासारखी. कोणीतरी "एनॉक" म्हणून हाकही मारली. तिच्या आईने, हॅगरने, दार उघडलं...

दारात गोरी माणसंच माणसं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर ओकच्या झाडाखाली हॅगरला एक बूट सापडला. डावा. बाकी काही नाही. ओट्यावर कोण कोण उभे होते ते तिने नावानिशी सांगितलं. शेरीफने लिहून घेतलं, अज्ञात व्यक्ती. त्यातला एक अज्ञात त्याच्या शेजारीच टेबलाशी बसला होता.

हॅगर मरेपर्यंत मुलीला एकच बजावत राहिली. "दिवे लागल्यावर थाप आली तर दार उघडायचं नाही. कोणाचीही असू दे."

म्हणून आर्झीने कधी उघडलं नाही. बापाची थाप आहे हे कळत असूनही.

आमच्याकडे अजून एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की तान्ह्या मुलाला शवपेटीवरून पलीकडे देतात. एकाने द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं. मग गेलेला माणूस मुलाभोवती घुटमळत नाही. आपल्या वाटेने जातो. एनॉकचा देहच मिळाला नाही. पेटी नाही, तर मूल कशावरून देणार?

एनॉक अडकला. आणि आर्झीही.

पण खरं सांगू? तिला त्याचं ओझं नव्हतं. तिचा नवरा सायरस होता तेव्हा थट्टा करायचा. "सासरेबुवा आले वाटतं. आज तरी जावई पसंत पडला का विचार."

"पडला असता तर आत आले असते," मावशी म्हणायची.

तिची लेक लवोनिया मात्र आजोबांना वाटेला लावायच्या मागे हात धुऊन लागली होती. ओकचं झाड केव्हाच तोडलं होतं. तिथे आता सरकारी धक्का आहे, होड्या लावायला. देहाऐवजी पेटीत घालायला तिथली माती उकरून न्यायची, तर परवानगी हवी. दरवर्षी कचेरीत तेच उत्तर. "तशी काही नोंद नाही हो बाई आमच्याकडे."

मावशी एकदा तिच्याबरोबर गेली होती. ती म्हणाली, "नोंद नाही? मग माझा बाप काय शिकारीला गेलाय?"

शेवटी गेल्या वर्षी परवानगी आली.

लवोनिया धावत घरी आली. "आई, मिळाली. माती मिळाली. आता पेटी करू, पास्टर गॅदर्सना बोलावू. आणि तुला पेटीवरून देऊ."

मावशी भेंडी चिरत होती. चिरतच राहिली.

"पेटीवरून दिलं की आजोबा सुटतील," लवोनिया म्हणाली.

"मग ते येणार नाहीत."

"त्यासाठीच तर केलं सगळं."

"तू केलंस ग बाई. मला बापाचं तोंड माहीत नाही. मांडी माहीत नाही. एवढा पायांचा आवाज, तेवढाच माझा बाप आहे."

लवोनियाने दुसरी सुरी घेतली. शेजारी बसून ती भेंडी चिरू लागली.

त्या संध्याकाळी बेडूक गप्प झाले. टक्... थप्. मावशीने या वेळी नीट कान दिला. तिसऱ्या पायरीवर पावलं थांबली. खूप वेळ. मग एक श्वास... दमलेल्या माणसाचा.

आयुष्यभर ऐकत होती, पण हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बाप थकला होता.

सकाळी तिने ट्रंकेतून आईने जपलेला तो डावा बूट काढला. पुसला.

"कर पेटी," ती म्हणाली.

रविवारी दुपारी धक्क्यावरची माती आणली. छोटीशी पाइनची पेटी. आत माती, मातीवर डावा बूट. सारं बेट जमलं होतं. पण पंच्याऐंशी ओलांडलेल्या बाईला उचलून देणार कसं? तिला तिच्या खुर्चीत बसवलं. आम्ही चौघांनी खुर्ची धरली.

"पाडू नका रे," मावशी म्हणाली. "नाहीतर एका पेटीत दोघं."

लोक हसले. डोळे पुसत हसले.

आम्ही खुर्ची पेटीवर आणली. तेवढ्यात माझ्या हातातलं वजन... गेलं.

नुसतं हलकं झालं नाही. गेलंच. तान्हं मूल उचलावं तेवढंच उरलं. मी बाकीच्या तिघांकडे पाहिलं. तिघेही माझ्याकडेच पाहत होते. पलीकडच्यांनी खुर्ची घेतली आणि वजन परत आलं. मावशी डोळे मिटून होती. तोंडात अंगठा.



दिवेलागणीला मावशी दाराशी बसली. लवोनिया सांगते ते असं.

बेडूक गप्प झाले.

टक्... टक्.

दोन्ही पायांत बूट होते.

पावलं पायऱ्या चढली नाहीत. ओगराळं हललं नाही. थाप नाही. घरावरून सरळ खाडीकडे निघाली. तरण्या माणसाची भरभर पावलं. मावशी धडपडत उठली. जन्मात पहिल्यांदा तिने त्या वेळी दार उघडलं.

"बाबा."

ही हाक तिने कधी मारलीच नव्हती.

वाटेवर कोणी नव्हतं. पाण्यापर्यंत जाऊन आवाज थांबला आणि बेडूक ओरडू लागले. मावशी उंबऱ्यावर बसून लहान मुलीसारखी रडली. लवोनिया समजूत घालायला गेली तर म्हणाली, "रडू दे. आज माझा बाप गेलाय."

इथे संपायला हवं होतं...

नाताळच्या आधी एका संध्याकाळी बेडूक पुन्हा गप्प झाले. मावशीचा चेहरा उजळला. ती कान देऊन ऐकू लागली.

थप्.

थप्... थप्... थप्.

सगळे पाय अनवाणी. एकाचे नव्हते. काही जड, काही हलके. एक पाऊल तर इतकं हलकं, पोराचं असावं. ओट्यावर गर्दी झाली. ओगराळं एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यासारखं वाजत राहिलं.

मावशी त्या पावलांमध्ये बुटाचा एक आवाज शोधत होती. बराच वेळ.

तो नव्हता.

मग ती हळूच लवोनियाला म्हणाली, "ह्यांनाही तसंच नेलं असेल. ह्यांचं कोणी नसेल ग. उद्या कचेरीत जाऊन ह्यांचीही माती माग."

मार्चमध्ये मावशी गेली. लवोनिया अजून कचेरीत जाते. ती गावाला असली की बादली मी भरतो. भरतो आणि दिवे लागायच्या आत घरी पळतो.

सकाळी बादली रिकामी असते. तळाला वाळू असते.