खरं बोला, दार उघडेल

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या बाबतीत घडलेलं आहे. तिला विचारूनच लिहितेय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण तिच्यासमोर हसू नका.

शनिवार होता. संध्याकाळ उतरत होती.

पण त्याआधी भाऊजी कळायला हवेत.

ताईचा नवरा, आमचे भाऊजी, लिफ्ट दुरुस्त करायचे. जातील तिथे हशा. लिफ्टमध्ये कुणी अडकून रडायला लागलं, की हे बाहेरून दारावर टकटक करायचे. आधी एक... मग लगेच दोन.

"घरात कोण आहे का? पाहुणे आलेत, चहा टाका!"

आतला माणूस रडता रडता हसायचा.

घरीही तोच धुडगूस. लेक खोटं बोलली, की तिच्या खोलीला बाहेरून कडी. तीच टकटक. आणि फौजदारासारखा आवाज, "खरं बोला, दार उघडेल!"

आतून खिदळत कबुली यायची, "मीच खाल्ली बिस्किटं!"

मग भाऊजी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे, "बाईसाहेब, सोडायचं का कैद्याला?"

ताईने "सोडा" म्हटल्याशिवाय कडी निघत नसे. एकदा ती मुद्दाम गप्प राहिली, तर हे दारापाशी मांडी ठोकून बसले. "हुकूम नाही, आम्ही काय करणार?"

असा माणूस लिफ्टखालच्या खड्ड्यात काम करताना गेला. वरून लिफ्ट आली.

त्या कामाचा नियम साधा आहे. खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप लावायचं. किल्ली आपल्या खिशात. म्हणजे दुसऱ्या कुणाला लिफ्ट चालू करताच येत नाही. भाऊजींचं कुलूप लाल होतं. लेकीने त्यावर पांढऱ्या नेलपॉलिशने मांजर काढली होती. मांजर कसली, बटाटाच तो. भाऊजी सगळ्यांना दाखवायचे, "हा माझा बॉडीगार्ड."

ते कुलूप सापडलंच नाही.

"लावलंच नसणार," सुपरवायझर म्हणाला. "सदा मस्करी. मस्करीनेच घात केला त्याचा."

किल्ली खिशात मिळाली होती. पण किल्ली काय, रोजच खिशात असते.

ताईच्या जिवाला हेच लागून राहिलं. माणूस गेला तो गेला, वर त्याचं हसणंच त्याचा गुन्हा ठरलं. लेक शाळेत सांगायची, "माझे बाबा विसरले म्हणून मेले."

तर तो शनिवार. कंपनीने आपल्या ऑफिसात शोकसभा ठेवली होती. चौथा मजला. आणि त्या इमारतीची लिफ्ट... तीच.

ताई लेकीचा हात धरून जिन्याने चढली.

सुरुवात छान झाली. भाऊजींचा जोडीदार, ज्याला सगळे पाना म्हणतात, तो बोलायला उभा राहिला. "वहिनी, एकदा एक नवराबायको अडकले. आत कडाकडा भांडत होते. मी म्हटलं, उघड लवकर. तर हा म्हणतो, थांब रे, आत्ता उघडलं तर दोघं दोन दिशांना जातील. आधी मिटू दे!"

सगळे हसले. ताईही हसली. डोळे पुसत पुसत.

मग सुपरवायझर उठला.

"हसरा माणूस होता. पण धडा घ्या पोरांनो. एक कुलूप लावायला विसरला, आणि..."

लेकीची बोटं ताईच्या हातात रुतली.

आणि तेवढ्यात... दारावर...

टक... टक-टक.

पानाने दार उघडलं. कुणी नव्हतं. समोर फक्त लिफ्ट. दार उघडं, आत दिवा.

कुणीच बोलावली नव्हती तिला.

सुपरवायझरने भाषण आवरतं घेतलं. काम आहे म्हणाला आणि लिफ्टकडे निघाला.

"साहेब, जिन्याने चला ना," पाना हळूच म्हणाला.

"मेकॅनिक ना रे तू? भुताला घाबरतोस?"

दार मिटलं. लिफ्ट जरा खाली सरकली... आणि थांबली.

घंटा वाजली. पुन्हा वाजली. मग ती पण बंद.

पाना वर पळाला, मेन स्विच बंद करून आला. अडकलेल्याला काढायचं तर आधी तेच करतात. सगळे दाराभोवती जमले.

टक... टक-टक.

आवाज बाहेरून होता. आमच्या ताईच्या अगदी पुढ्यातून. दाराला मात्र कुणाचाच हात लागलेला नव्हता.

"कोण आहे?" खालून सुपरवायझरचा आवाज आला. "पाना? चेष्टा पुरे, उघड!"

मग पुन्हा त्याचाच आवाज.

"काय खरं? कसलं खरं बोलू? ए... हा आवाज कुणाचा आहे?"

बाहेर कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. फक्त लेक कुजबुजली, "आई, बाबा फौजदार झालेत."

आत धडाधडा दार बडवण्याचा आवाज. मग रडणं. मग...

"होतं! कुलूप होतं! त्याने लावलं होतं! मोठे पाहुणे खाली खोळंबले होते, मी कापलं ते. मला वाटलं, हा चहाला गेलाय! नाल्यात फेकलं मी. झालं? आता तरी उघड!"

पाना भिंतीला टेकून खालीच बसला.

खरं बोलून झालं होतं. दार उघडायला हवं होतं.

उघडलं नाही.

ताईला वास आला. ग्रीसचा, आणि त्यावर चोळलेल्या साबणाचा. रोज संध्याकाळी घरात यायचा, तो. अगदी कानाशी. कुणीतरी वाट बघत थांबल्यासारखा.

काय विचारलं जातंय, ते तिला कळलं.

एक शब्द पुरला असता.

ताई गप्प राहिली.

आणि लिफ्ट खाली जाऊ लागली. वीज नसताना. सावकाश... तिसरा मजला. दुसरा. पहिला. तळमजल्यावरही थांबली नाही.

खड्ड्यापर्यंत गेली.

त्याला बाहेर काढलं तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. श्वास चालू, डोळे उघडे. पण तो बोलत नाही. अजूनही. बसवाल तिथे बसतो आणि बोटाने टकटक करत राहतो. आधी एक... मग लगेच दोन.

त्याच्या मुठीत कुलूप होतं. लाल. वर पांढरा बटाटा. कापल्याची खूणही नाही. घट्ट बंद.

कंपनीने चूक कबूल केली. लेक आता शाळेत ताठ मानेने सांगते, "माझ्या बाबांनी कुलूप लावलं होतं."

ते कुलूप ताईच्या कपाटात आहे. किल्लीही तिच्याकडेच आहे. तिने लावून पाहिलेली नाही.

परवा वेणी घालताना लेकीने मध्येच विचारलं, "आई, बाबा अजून दारापाशीच बसलेत का ग?"

"असं का विचारतेस?"

"तू 'सोडा' म्हटलंच नाहीस ना."

ताई रोज ठरवते, आज म्हणायचं. अजून तिच्या तोंडून तो शब्द निघालेला नाही.

मी तिला काही बोलत नाही. पण तिच्याकडे गेले, की लेकीच्या खोलीच्या दारापाशी, खाली कुणी मांडी घालून बसेल एवढी जागा सोडूनच मी पलीकडे जाते.