पिशवीतले फोटो

चौकीत फोन सकाळी आला. बोलणाऱ्याने तोंडावर रुमाल धरला असावा. "स्टँडवर लोकांचे चोरून फोटो काढतो ना, त्याची पिशवी बघा," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. फोन स्टँडवरच्या चहाच्या दुकानातून आला होता.

त्या आठवड्यात स्टँडवर एक बेवारस खोकं सापडलं होतं. गावाने असा धसका घेतला होता की कुणाचा जेवणाचा डबा विसरला तरी लोक पळत सुटत. पूल, चौकी, पाण्याची टाकी यांचे फोटो काढायला बंदी होती.

फौजदारबाईंनी फोटोवाल्याला गाठलं. त्याच्या पिशवीत कॅमेऱ्याखाली पाकीट निघालं. आत टाकीचे फोटो: फाटक, कुलूप, पहाऱ्याची जागा.

"हे माझे नाहीत," धाकटा म्हणाला. बाजारातल्या स्टुडिओवाल्याचा तो धाकटा भाऊ, म्हणून साऱ्या गावाचा धाकटा. "मी माणसं टिपतो, बाई. भांडणारी, पेंगणारी, लेकराचं नाक पुसणारी. कुलूप कशाला टिपू? आणि उद्या माझं पहिलं प्रदर्शन आहे हो!"

"हे फोटो तुझे ठरले, तर प्रदर्शन सोड, काही वर्षं घर दिसायचं नाही. वैरी कोण तुझा?"

"चहावाला. तो घोरताना मी फोटो काढला होता."

हवालदार पुढे झाले. त्यांच्या डाव्या गालावर वाटाण्याएवढी चामखीळ होती. "गर्दीत बायको मला हिच्यावरूनच हुडकते," असं ते स्वतःच सांगत. त्या फोटोंतल्या एकात, टाकीच्या फाटकाशी, डावा गाल कॅमेऱ्याकडे करून तेच उभे होते.

"प्रकरण गंभीर आहे, बाई," ते म्हणाले, "पण मी झकास आलोय! दहा वर्षांनी लहान दिसतोय."

"तुमचं कौतुक नंतर," म्हणत बाईंनी फोटो घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. वाचणाऱ्यानेही इथे घाई करू नये.

स्टँडवरच्या दुकानात चहावाला ताडकन म्हणाला, "चिडलेला तर आहेच! पण मला फोटो काढता येत असते, तर मी आधी त्याचाच घोरताना काढला नसता? फोन गल्ल्याशेजारी असतो, येईल तो करतो."

बाई स्टुडिओत गेल्या. भिंतभर चेहरे होते, गुळगुळीत, उजळ. म्हाताऱ्यांच्याही कपाळावर आठी नव्हती.

"माझ्या दुकानातून डाग घेऊन कुणी बाहेर पडत नाही," थोरला अभिमानाने म्हणाला.

"हे टाकीचे फोटो आधी पाहिले होते?"

"आज पहिल्यांदाच बघतोय. त्याचं काही मी हातात धरत नाही."

"चेहरे साफ करणं त्यालाही येतं?"

"त्याला?" थोरला हसला. "शिकवायला बसवलं, तर पळून गेला. त्याला कला लागत नाही, बाई, फक्त गर्दी लागते. कॅमेरा पोटाशी धरायचा, बटण दाबायचं. आणि लोक मला येऊन सांगतात, तुमच्या भावासारखा फोटो काढा!"

त्याची बायको पाणी घेऊन आली. तिच्यामागे आतल्या खोलीच्या भिंतीवर एकच फोटो होता: कपडे वाळत घालताना ती खळखळून हसत होती, पुढचा वाकडा दात दिसत होता.

"छान आहे. कुणी काढला?"

"भाऊजींनी."

थोरल्याने मधला पडदा ओढून घेतला.

"तुमच्या भाऊजींची पिशवी रात्री कुठे असते, वहिनी?"

"इथेच, खुंटीला."

संध्याकाळी बाईंनी घरच्या तिघांना चौकीत बोलावलं.

"हवालदार, जरा गाल दाखवा. आता हा फोटो बघा. चामखीळ कुठे गेली?"

हवालदारांचा हात गालाकडे गेला. "अरेच्चा! तरीच मी देखणा!"

बाई थोरल्याकडे वळल्या. "डावा गाल समोर आहे, ऊन लख्ख आहे, तरी चामखीळ नाही. कुणीतरी ती पुसली. चहावाल्याला हे जमणार नाही. धाकट्याला जमत नाही, असं तुम्हीच सांगितलंत. गावात हे काम करणारे तुम्ही एकटे. आणि तुम्ही म्हणता, फोटो कधी पाहिलेच नाहीत. भावाला अडकवायला फोटो काढलेत, पिशवी घरातच होती, गर्दी साधून चहाच्या दुकानातून फोन केलात. पण छापायच्या आधी सवयीने हात चालला. डाग ठेवणं तुम्हाला सोसवलं नाही. तुमच्या कॉम्प्युटरमधला मूळ फोटो मी मघाशीच पाहिला. त्यात चामखीळ आहे."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं.

"तुझे किती फोटो काढले मी. सगळे कपाटात. आणि भिंतीवर त्याचा!"

"अहो, तुमच्या फोटोत मी फार सुंदर दिसते," ती हळू आवाजात म्हणाली. "पण ती कोण बाई आहे, तेच मला ओळखू येत नाही."

"दादा," धाकट्याचा आवाज चिरकला, "मला कॅमेरा धरायला तूच शिकवलंस ना रे?"

"तेच तर जाळतं," थोरला म्हणाला.

धाकट्याला पिशवी परत मिळाली. थोरल्याला भिंतीशी उभं केलं. नोंदीसाठी हवालदारांनी त्याच्यासमोर मोबाइल धरला, चांगलाच तिरका.

"सरळ धरा," थोरल्याच्या तोंडून निघून गेलं. मग त्याने कॉलर नीट केली, हनुवटी किंचित उचलली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"साफ करून घेऊ का कुणाकडून?" हवालदारांनी भाबडेपणाने विचारलं.

थोरल्याने दाराकडे पाहिलं. धाकटा तिथेच उभा होता, पण त्याचा कॅमेरा पिशवीत होता आणि पिशवी बंद होती.

"नको," थोरला म्हणाला. "आहे तसा राहू द्या."