कॅल्डर फ्लॅटचा तिसरा रोडिओ

यात एक शब्दही माझ्या पदरचा नाही. माझे बाबा, ऑरिन, यांच्या बाबतीत घडलं तसंच सांगतेय.

रात्र नव्हती. ४ जुलै १९१७, भर दुपार. वायोमिंगमधलं आमचं कॅल्डर फ्लॅट.

पण सुरुवात आधीची.

गावाच्या पहिल्या रोडिओत, म्हणजे उधळ्या घोड्यावर टिकून बसायच्या खेळात, एका घोड्याने बाबांना फेकलं. त्याच घोड्यावर गावातलीच एक पोरगी, वेस्टा किंबल, टिकली. गाव वर्षभर बाबांना हसलं.

दुसऱ्या वर्षी बाबांकडे स्वारांना सोडवायचं काम होतं. उधळलेल्या घोड्याला आपला घोडा भिडवायचा, स्वाराला ओढून आपल्या मागे घ्यायचं. तो कमरेला मिठी मारतो.

बायकांच्या रिकिबी तेव्हा घोड्याच्या पोटाखालून दोरीने बांधत. वेस्टाची दोरी बाबांनी करकचून आवळली.

"ऑरिन, सैल कर. पाय निघायचे नाहीत माझे."

"मागच्या वर्षी बरी चिकटून बसलीस. बस की आता."

"वेळेवर येशील ना?"

"येतो. आधी लोकांना हसू दे जरा."

लोक हसले. घोडा उधळला. तिने दोनदा हात पुढे केला...

बाबा दहा पावलांवर थांबून राहिले.

घोडा तिच्यासकट उलटा पडला.

संध्याकाळपर्यंत ती जिवंत होती.

तिसऱ्या वर्षी, त्या १९१७ च्या दुपारी, त्या कामावर पुन्हा बाबाच. उधळ्या घोड्यावर त्यांचा धाकटा भाऊ क्लीव्ह. त्याचा हात घोड्याला धरायच्या दोरीत अडकला. बाबांनी टाच मारली.

आणि...

त्यांच्या घोड्याची पाठ मागून दबली.

कोणीतरी बसलं होतं.

दोन हात पुढे आले. बाबांचे दंडही त्या मिठीत आवळले गेले. मानेला कोणाचं तरी तोंड टेकलं होतं... पण श्वास लागत नव्हता.

कानाशी वेस्टाचा आवाज आला, "ऑरिन, हात दे. अरे, हात दे ना..."

क्लीव्हला धरायला बाबांचा हात उचलेना.

सगळ्या गावादेखत क्लीव्ह टापांखाली गेला.

आजीने विचारलं, "का थांबलास?"

"वेस्टाने धरलं होतं, आई."

"मेलेल्या पोरीवर आळ घालतोस? चालता हो."

बाबा त्या घरात पुन्हा कधी गेले नाहीत.

आजी शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा मला म्हणाली, "त्या दिवशी त्याचा घोडा मीच धुतला. खोगिराच्या मागे दोन जागी केस घासून गेले होते. कातडी लालबुंद. मांड्या घासतात ना, तशी."

"म्हणजे बाबा खरं बोलत होते? मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"वेस्टा मेली तेव्हाही मी तिथेच होते. तो थांबून राहिलेला मी पाहिला होता," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

बाबा मरेपर्यंत भिंतीला पाठ टेकूनच बसायचे. आजीचं बोलणं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

का, ते मला आजही कळत नाही...