सहा नंबर कॉटचा तक्ता

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच थांबा, मला तुमच्या शंका ऐकायच्या नाहीत. चौकशीत खूप ऐकून घेतलंय.

मागच्या मे महिन्यातला गुरुवार. सांगलीजवळचं एक खासगी मनोरुग्णालय, नाव सांगणार नाही. भर दुपार होती.

मी तिथं नर्स होते. बायकांच्या वॉर्डात तीस कॉट आणि आम्ही दोघी, मी आणि इनचार्ज पद्मा सिस्टर.

सहा नंबरला हरणाबाई. माण तालुक्यातली, साठीची, दिरानं आणून टाकलेली. सारखी उठून दाराकडे जायची.

पेशंटला बांधायचं तर डॉक्टरची लेखी परवानगी लागते, तीही जिवाला धोका असेल तरच. मग दर पंधरा मिनिटांनी हात बघायचे, पाणी पाजायचं, तक्त्यावर सही करायची.

आम्ही परवानगी घेतली नाही. मला निवांत डबा खायचा होता, एवढंच कारण. एक वाजता मी तिचे हात पट्टीनं कॉटला बांधले.

"बाय, सोड गं हात. वाईच पाणी तरी दे. लय तहान लागलीया."

"देते," म्हणाले. दिलं नाही.

"मयूरी, चारपर्यंतचा तक्ता भरून टाक," पद्मा सिस्टर म्हणाल्या.

आमच्याकडे तीच पद्धत होती. सगळ्या ओळी आधीच लिहून मोकळं व्हायचं. सव्वा ते चार, मी बारा ओळी लिहिल्या. प्रत्येकीत 'पाणी दिलं' आणि माझी सही.

अडीचला उठून गेले...

हरणाबाई संपली होती. ओठ पार वाळलेले.

मी पट्ट्या सोडल्या. तक्ता फाडून जाळला आणि सव्वादोनपर्यंतचाच नवा लिहिला.

चार दिवसांनी सहा नंबर रिकामीच होती. सव्वा वाजता आवाज आला...

टक.

लोखंडी कॉटवर स्टीलचा पेला आपटल्यासारखा. दीडला पुन्हा. पावणेदोनला पुन्हा.

अडीचला थांबेल असं मला वाटलं होतं. चारपर्यंत वाजला. बारा वेळा.

पद्मा सिस्टरना काहीच ऐकू आलं नाही. "उन्हानं डोकं फिरलंय तुझं. चौकशीत तोंड उघडलंस तर रजिस्ट्रेशन जाईल, ध्यानात ठेव."

चौकशीच्या साहेबांनी फाईल उघडली.

"पेशंट अडीचला गेली ना? मग चारपर्यंतच्या सह्या कशा?"

जाळलेला तक्ता समोर होता... अखंड. अक्षर माझंच, बाराही ओळी.

पण 'पाणी दिलं' कुठंच नव्हतं.

प्रत्येक ओळीत होतं, 'पाणी मागितलं'.

तिथं खरं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "हे माझं अक्षर नाही. पद्मा सिस्टरनी लिहिलं असेल."

त्यांची नोकरी गेली. माझं रजिस्ट्रेशन वाचलं. मला लाज वाटते, पण ती सांगून काय उपयोग?

आता मी कोरेगावला आईकडे असते. रोज सव्वापासून चारपर्यंत तो आवाज इथंही येतो. मी पेला भरून ठेवते. पाणी कमी होत नाही.

काल सव्वाचारलाही वाजला... तेरावा.

तेरावी खोटी ओळ मी तक्त्यावर लिहिली नव्हती. ती मी साहेबांसमोर बोलले होते.

आत्ता एक वाजून दहा मिनिटं झालीत. पेला भरलाय. आज किती वेळा वाजेल, मला माहीत नाही.