पुलावरच्या नऊ जणांचं पाणी

पुलापाशी अर्धी जळालेली सागाची रांग.

रेडिओ म्हणतो, उत्तरेच्या रस्त्याचे आणखी दोन मैल जिंकले.

फणसाखाली भाताचं ताट. कावळा येतो, बघतो... आणि उडून जातो.

जिवंत माणसासाठी पाणी ओतायचं नसतं. ते मेलेल्यांसाठी.

टक... खर्रर्र... टक.

हे घडलंय. मनानं रचलेलं नाही. श्रीलंकेत, मेदवच्चियाच्या पलीकडच्या त्या गावात जाऊन कुणालाही विचारा. विहीर दाखवतील आणि घरात निघून जातील. रात्रीची गोष्ट असेल असं वाटत असेल, तर तसंही नाही. पोसोन, म्हणजे ज्येष्ठातली पौर्णिमा, नुकतीच झाली होती. डोक्यावर ऊन होतं आणि अंगणभर माणसं.

त्या घरात रम्यलता तिच्या आईबरोबर राहायची. तिच्या भावाचं, तिलकसिरीचं, ताट रोज अंगणातल्या फणसाखाली वाढलं जायचं. तिलक सैन्यात कॉर्पोरल. वव्वुनियाच्या पुढचा रस्ता बंडखोरांकडून परत घ्यायला मोहीम निघाली, तिच्यात तो गेला. एका छोट्या पुलापाशी बेपत्ता झाला.

त्याच्या पलटणीचा मेजर स्वतः घरी आला होता. अम्माचे दोन्ही हात धरून म्हणाला, "मुलगा जिवंत आहे, अम्मा. कैदेत आहे. त्याच्या नावानं मेलेल्याचं दान करू नका. आईनंच आशा सोडली तर त्यानं कुणाकडे बघायचं?"

म्हणून मेलेल्याच्या नावानं भन्तेंना जेवू घालायचं सातव्या दिवसाचं दान अम्मानं केलं नाही. तिसऱ्या महिन्याचं नाही. वर्षाचंही नाही. दर पौर्णिमेला विहारात जाऊन मुलाच्या आयुष्यासाठी दिवे तेवढे लावले.

मग घरातलं पाणी नाहीसं व्हायला लागलं.

आधी विहिरीच्या कठड्यावरची बादली. भरून ठेवायची, वळून बघायचं... कोरडी. खाली एक थेंब नाही.

मग स्वयंपाकघरातलं मडकं.

तेही दिवसाढवळ्या.

आणि दर वेळी आधी तो आवाज. टक... खर्रर्र... टक. रेडिओ तर बंद असायचा. एकदा रम्यलतानं त्यातले सेल काढून ठेवले.

आवाज आला.

अशात एका सकाळी विमलदास आला. तिलकच्या पलटणीतला. उजव्या पायाच्या जागी लाकूड.

"पाय कुठं ठेवून आलास, पुता?" अम्मानं विचारलं.

"सरकारदरबारी तोही बेपत्ता आहे, अम्मा. सापडला की कळवतो म्हणालेत."

अम्मा हसली. किती दिवसांनी!

"रेडिओवर तर सांगतात, रस्ता घेतला," रम्यलता म्हणाली.

"रेडिओनं तीनदा घेतलाय. आम्ही एकदाही नाही."

"विमलदास अय्या," थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारून ती म्हणाली, "एक विचारू? हा कसला आवाज असेल?" आणि तिनं तोंडानं तो काढून दाखवला. टक... खर्रर्र... टक.

चहाचा पेला त्याच्या ओठांपाशी थांबला.

"हा कुठं ऐकलास तू?"

"इथं. घरात."

त्यानं पेला ओठांपासून दूर केला. मग सांगितलं. पाय गेल्यावर त्याला मुख्य ठाण्यात आणून ठेवलं होतं, वायरलेसच्या शेजारी. तिलक आणि त्याचे आठ जण सगळ्यात पुढे, पुलावर. बंडखोरांनी बाजूनं वळसा घातला. सैन्य मागं निघालं. पुलावरच्यांना कुणी कळवलंच नाही. ते लढत राहिले म्हणून तर बाकीच्यांना निघता आलं.

"तिलक विचारत होता, आम्ही काय करू? मेजर म्हणाला, जागा सोडू नका. थांबा. सकाळी पाणी घेऊन पोचतो." विमलदासनं पेला खाली ठेवला. "दुसऱ्या दिवशी आम्ही कुठल्या कुठं आलो होतो. वायरलेसवर तिलक होताच. सकाळ गेली, दुपार गेली. पाणी संपलं म्हणाला. मग त्याच्यानं बोलवेना. नुसतं बटण दाबायचा. टक..."

"पुरे," अम्मा म्हणाली.

ती फणसाखालच्या ताटाकडे बघत होती.

"माझ्या हातचं जेवला तो मेजर," ती म्हणाली. "तिलकच्या खुर्चीत बसून. भात पुन्हा मागून घेतला त्यानं."

दान ठरलं. पांढऱ्या कापडाच्या छताखालून, ढोल वाजत, भन्ते अंगणात आले. तिलकच्या आवडीचं आंबट माशाचं कालवण केलं होतं. भन्तेंचं जेवण उरकलं. मग पाणी. घरच्यांनी मिळून सुरई धरायची आणि ताटलीतल्या पेल्यात ओतत राहायचं. पेला भरून सांडला की मेलेल्याला पुण्य पोचलं.

अम्मा आणि रम्यलतानं सुरई धरली. भन्तेंनी पठण सुरू केलं.

पाणी पडत होतं... पडत होतं...

सुरई संपली.

पेल्याचा तळ जेमतेम ओला होता.

"फुटका असेल," मागून कुणीतरी कुजबुजलं. ताटली कोरडी होती.

दुसरी सुरई. तिसरी. शेजारी विहिरीवर धावले. बादल्या येत राहिल्या. भन्तेंचा आवाज कापायला लागला, पण ते थांबले नाहीत.

पेला भरत नव्हता.

"विमलदास," अम्मा हळूच म्हणाली, "त्या आठ जणांच्या घरी कुणी पाणी ओतलं का रे?"

"नाही, अम्मा. त्यांच्याही घरी मेजर जाऊन आलाय. सगळे बेपत्ताच."

"मग नावं घे त्यांची. तिलक त्यांचा मोठा. तो शेवटीच जेवायचा."

विमलदासनं एक नाव घेतलं. पेल्यात पाणी चढलं... थोडंसं.

दुसरं नाव. आणखी थोडं.

आठवं नाव घेतलं तेव्हा पाणी काठाशी आलं होतं. सांडायचं बाकी होतं फक्त.

आणि विहिरीवरून हाक आली, "चिखल लागला! पाणी संपलं!"

अंगणात कुणी हललं नाही.

टक... खर्रर्र... टक.

या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

अम्माच्या तोंडून निघून गेलं. कुठल्याही आईच्या जाईल तसंच.

"थांब रे बाळा. तुला सकाळी देते."

आवाज मध्येच तुटला.

पेल्यातलं पाणी आपोआप काठावरून ओघळलं. ताटलीत पसरलं.

रम्यलतानं आईकडे बघितलं. आपण काय बोललो ते अम्माला आता कळलं होतं. तिनं रिकामी सुरई छातीशी धरली आणि ती सकाळपर्यंत सोडली नाही.

सकाळी विहिरीला पाणी आलं होतं. दोघींनी तिलकचं नाव घेतलं. ओतलं. पेला पहिल्याच धारेत भरला, सांडला. कुठलाही पेला भरतो तसा.

"पोचलं हो," शेजारणी म्हणाल्या. "सुटला बिचारा."

रम्यलतानं ताटली उचलून आत नेली. तो पाणी घेऊन गेला, की न घेताच निघून गेला, हे तिला आजही सांगता येत नाही. तेव्हापासून घरातलं पाणी जागच्या जागी असतं. बादली भरलेली, मडकं भरलेलं. ती दिवसातून कितीदा तरी जाऊन झाकण काढते.

आवाज येत नाही.

पुलावरच्या त्या दिवशी माघारीचा हुकूम दुपारीच आला होता. सकाळी पोचतो, असं मेजरनं तिलकला सांगितलं ते संध्याकाळी. मेजरचं सामान तेव्हा ट्रकमध्ये चढलेलं होतं.