चित्रकाराशी नाते

"ताई, तो काका आमच्या पायांकडे बघतोय."

तक्रार करणारी सात वर्षांची होती. पुढच्या दोन दातांच्या जागी खिडकी होती, आणि वाचनालयाच्या बालविभागात माझ्या खालोखाल तिचाच हुकूम चालायचा. मी पुस्तकांवर शिक्के मारायचं काम टाकून उठले.

तो खिडकीखालच्या बुटक्या खुर्चीवर बसला होता. खुर्ची मुलांची, त्यामुळे त्याचे गुडघे कानांशी आले होते. मांडीवर वही, हातात पेन्सिलीचं थोटूक.

"मोठ्या माणसांना इथे एकट्यानं बसायची परवानगी नाही," मी म्हटलं.

"मग तुम्ही बसा शेजारी," तो म्हणाला. "म्हणजे मी एकटा राहणार नाही."

इतक्या साळसूद चेहऱ्यानं आगाऊपणा करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी नुसता हात पुढे केला. त्यानं निमूटपणे वही दिली. वहीत पानोपान पाय होते. खुर्चीच्या दांडीला अडकवलेले, एकमेकांवर घासणारे, अर्ध्या निघालेल्या मोज्यातले.

"चेहरे कुठे आहेत?"

"चेहऱ्यांना सगळ्यांनी शिकवून ठेवलेलं असतं. नीट बस, हस, रडू नकोस. पायांना अजून कुणी शिकवलेलं नाही." त्यानं एका चित्रावर बोट ठेवलं. "हे बघा. अंगठा शेजारच्या बोटावर चढलाय. माझी धाकटी बहीण गोष्टीत भीतीचं पान आलं की असंच करायची. आता तिला दोन मुलं आहेत, तरी करते. माझ्या चित्रात कुणीतरी एकजण असा असतोच... सहीच समजा ना माझी."

"मुलांना विचारलंत का, पाय काढू का म्हणून?"

तो ओशाळला. उठला, आणि दातांत खिडकी असलेल्या त्या बाईसाहेबांपुढे उकिडवा बसून त्यानं रीतसर परवानगी मागितली. काढलेलं प्रत्येक चित्र आधी आपल्याला दाखवायचं, या अटीवर ती मिळाली. त्या दिवसापासून तो 'पायवाले काका' झाला.

"एकोणतिसाव्या वर्षी काका?" त्यानं माझ्याकडे दाद मागितली.

"इथे दहाच्या वर सगळे काकाच," मी म्हटलं.

तो दर शनिवारी यायला लागला. पोटासाठी तो माहितीपत्रकांतली चित्रं काढायचा. पंखा कसा जोडावा, कुठला स्क्रू कुठे बसवावा. त्या चित्रांत माणसाचे नुसते हात असतात, म्हणून शनिवारी पाय, असं त्याचं गणित. मी खोट्या रागानं त्याला पुस्तकं जागेवर लावायला सांगायचे, तो मुद्दाम चुकीच्या कप्प्यात लावायचा, आणि मग ती आम्ही दोघं मिळून शोधायचो.

"आज तुमची टाच बुटाबाहेर आहे," एकदा तो वहीतून मान वर न काढता म्हणाला.

"मग?"

"म्हणजे पुस्तक चांगलं आहे." थोड्या वेळानं, "...किंवा संगत."

मी टाच आत घेतली. पण कान तापले ते तापलेच, आणि त्याला पाय वाचता येतात तर कानही येत असतील या विचारानं आणखी तापले. खरं सांगायचं तर शुक्रवारपासूनच माझं कामातलं लक्ष उडायला लागलं होतं.

त्याच सुमारास माझ्या नावानं एक लखोटा आला. मुलांच्या चित्रपुस्तकांना दरवर्षी चित्रांसाठी पुरस्कार देतात, त्याच्या तीन परीक्षकांमध्ये मला घेतलं होतं. आजवर तिथे मोठमोठे चित्रकारच बसत आले. मुलांच्या हाती रोज पुस्तक देणारी बाई पहिल्यांदाच. निकालापर्यंत कुणाला सांगायचं नाही असा नियम. आईला कळलं, कारण लखोटा तिनंच फोडला.

"परीक्षक झालीस?" ती म्हणाली. "म्हणजे आता स्थळांनाही गुण देशील."

"सगळ्यांना शून्यापासून सुरुवात आहे."

आईनं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. पण न सांगताना ती अशा तोऱ्यात चालायला लागली, की घरात काहीतरी मोठं घडलंय हे सगळ्या इमारतीला कळलं.

परीक्षणाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यावर त्रेसष्ट पुस्तकं, आणि प्रत्येक पुस्तकातलं चित्रकाराचं नावच काय, गोष्टीचं अक्षरन् अक्षर तपकिरी कागदाच्या पट्ट्यांनी झाकलेलं. आमच्या अध्यक्षबाईंनी पस्तीस वर्षं छापखान्यात रंगांचं काम केलं होतं. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, भिंग होतं.

"चित्र वाचा," त्या म्हणाल्या. "ज्यांच्यासाठी पुस्तक आहे त्यांना तरी कुठे अक्षरं येतात?"

तिसरे परीक्षक चित्रकला शिकवणारे सर. परीघ चुकलाय म्हणून त्यांनी पौर्णिमेच्या चंद्राचेही गुण कापले असते.

पहिल्या दिवशी प्रत्येक पुस्तकाची पहिली चार पानंच बघायची होती. एक्केचाळीस नंबरच्या पुस्तकापाशी मी थांबले. कागद कापून, चिकटवून केलेली चित्रं. दवाखान्याचा लांब बाक, त्यावर एक मुलगी, आत गेलेल्या आजोबांची वाट बघणारी. मोठी माणसं फक्त कमरेपर्यंत, कारण मुलीला तेवढीच दिसतात. सरांना ते रिकामं वाटलं. मी त्यांच्याशी अर्धा तास भांडले. नाकासमोर चालणारी म्हणून माझी ख्याती, पण त्या दिवशी माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार. शेवटी मी त्या पुस्तकाला दहापैकी दहा दिले, आणि अध्यक्षबाईंनी भिंगाआडून माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. घरी जाताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी निवडक पुस्तकं पूर्ण उघडली. एक्केचाळीस नंबरचं नववं पान. आजोबांचं दार बंद आहे, दिवा लाल आहे, मुलगी बाकावर एकटी. अध्यक्षबाई भिंग लावून वाकल्या.

"हा अंगठा बघा. शेजारच्या बोटावर चढलाय."

तांदळाच्या दाण्याएवढा कागदाचा तुकडा, दुसऱ्या तुकड्यावर चिकटवलेला.

"शरीररचनेची चूक," सर म्हणाले. "दोन गुण कमी."

ती चूक नव्हती. ती भीती होती, आणि ती कुणाची हे मला माहीत होतं. पेन्सिलीऐवजी कागद होता म्हणून मी फसले होते. आता अंगठ्याची बाजू घ्यावी तर चित्रकार ओळखला हे लपवावं लागणार. गप्प बसावं तर दोन गुण जाणार. एखादं वाक्य जुळवून बोलले असते तर कुणाला काही कळलंही नसतं.

"मला या पुस्तकाबद्दल बोलता येणार नाही," मी म्हटलं. "चित्रकार कोण ते मला कळलंय."

सरांनी पेन खाली ठेवलं. अध्यक्षबाईंनी खणातून एक छापील फॉर्म काढून माझ्यासमोर सरकवला. वर माझं नाव, खाली एक ओळ: चित्रकाराशी नाते. त्याखाली लिहिलं होतं की हा फॉर्म निकालाशेजारी लावला जाईल आणि नोंद बरोबर असल्याची सही चित्रकार करील.

"नुसती ओळख असेल तर तसं लिही आणि बस," बाई म्हणाल्या. "ओळख सगळ्यांची सगळ्यांशी असते. तुझे दहा गुणही राहतील. त्यापुढचं काही असेल तर मात्र गुण खोडायचे आणि बाहेर जायचं; तुझ्या जागी आम्हा दोघांची सरासरी धरली जाईल. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं इथे चालत नाही."

ओळख. तीन अक्षरं. लिहिली असती तर दहाच्या दहा गुण शाबूत, त्याचं पुस्तक शाबूत, माझी अब्रूही शाबूत.

"नातं काय आहे?" बाईंनी विचारलं.

"अजून... ठरलेलं नाही."

"असं लिहिता येत नाही."

"त्यांना माहीतही नाही, बाई."

"मग एकतर्फी लिही. पण खरं लिही. भीड भिकेची बहीण."

मी लिहिलं: 'प्रेम (एकतर्फी. चित्रकाराला कल्पना नाही).' माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी ते नको इतकं सुवाच्य आलं. मग मीच माझे दहा गुण खोडले आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. आत दोघं काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. डोळे भरून आले होते, पण मान मात्र ताठ होती, का कोण जाणे.

मधल्या शनिवारी तो आला.

"आज टाचा बोलत नाहीत तुमच्या," तो म्हणाला.

"त्यांना बोलायला बंदी आहे."

"कधीपर्यंत?"

"बुधवारपर्यंत."

तो चमकला. "मीही बुधवारीच एक गंमत सांगणार होतो तुम्हाला."

मी दुसरीकडे बघून पुस्तकं लावली. चुकीच्या कप्प्यात.

बुधवारी निकाल आणि प्रदर्शन. पट्ट्या निघाल्या होत्या, नावं उघडी झाली होती. एक्केचाळीस नंबरला दुसरा क्रमांक मिळाला होता. पहिला एका गुणानं हुकला होता. त्याच्या शेजारी टाचणीनं लावलेला माझा फॉर्म, आणि फॉर्मसमोर तो, पाठमोरा. किती वेळ उभा होता कोण जाणे. मी मागे आल्याचं त्याला कसं कळलं तेही माहीत नाही.

"एका गुणानं," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही खोलीत राहिला असतात तर?"

"पहिलं आलं असतं. मी दहा दिले होते. ते खोडले गेले. आणि अंगठ्याचे दोन कापले तेव्हा... मी काहीच बोलू शकले नाही."

तो वळला. मी त्याच्या चेहऱ्यावर निराशा शोधत होते, आणि ती थोडी होतीच, लपवत नव्हता तो.

"मी कोण हे कळायच्या आधी दिलेत दहा?"

"आदल्या दिवशी."

"मग झालं तर," तो म्हणाला. "बक्षीस दरवर्षी कुणाला ना कुणाला मिळतं. असे दहा गुण कुणाला मिळालेत सांगा. आणि ते खोडायला लागणारी छाती... मला आत्ता इतका अभिमान वाटतोय ना, की नेमका पुस्तकाचा की तुमचा, तेच कळत नाहीये."

एवढ्यात पुस्तकापाशी आईचा आवाज आला. ती नववं पान उघडून उभी होती, आणि शेजारी उभे असलेले गृहस्थ कोण हे तिला माहीत नव्हतं.

"किती घाबरलंय पोर," आई म्हणाली.

"कशावरून?" सरांनी विचारलं.

"अहो, अंगठा बघा की तिचा. घरात लहान मूल कधी बघितलं नाहीत वाटतं?"

सरांनी वाकून तो अंगठा पुन्हा बघितला. मग ते माझ्या शेजारी उभ्या चित्रकाराकडे आले आणि म्हणाले, "दोन गुण मी कापले होते. चुकलो." त्यांच्या तोंडून हा शब्द बाहेर पडताना कुणी ऐकला नव्हता, असं अध्यक्षबाई मला नंतर म्हणाल्या.

त्या क्षणी मात्र अध्यक्षबाई आमच्यासमोर पेन घेऊन उभ्या होत्या.

"चित्रकार तुम्ही ना? इथे सही राहिलीय. नोंद बरोबर असेल तर सही, चूक असेल तर दुरुस्ती."

त्यानं खिशातून पेन्सिलीचं थोटूक काढलं.

"पेननं," बाई म्हणाल्या.

त्यानं पेन घेतलं, आणि फॉर्म भिंतीवरच ठेवून कंसातले शब्द खोडले. एकतर्फी, कल्पना नाही, सगळं. एकच शब्द उरला. मला पाय जमिनीवर आहेत की नाहीत ते कळेना. आई पुस्तक मिटून, मान लांब करून तिकडेच बघत होती.

"दुरुस्तीपाशी तारीख घाला," बाई म्हणाल्या.

त्याचा हात थांबला. "आजची घालू, की खरी?"

"खरी कुठली?" मी विचारलं. आवाज माझाच होता बहुतेक.

"तू मला खुर्चीवरून उठवायला आलीस तो शनिवार."

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं, आमच्या दोघांकडे त्यातून आळीपाळीनं बघितलं, आणि म्हणाल्या, "नियमात खरीच बसते."

त्यानं त्या शनिवारची तारीख घातली, सही केली, आणि मग त्या दिवशी पहिल्यांदा खाली माझ्या बुटांकडे बघून हसला. आत अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसला होता, हे त्याला न बघताही कळलं होतं.