इंटर्व्हलनंतर बाबा झोपतात

सिनेमाच्या दुसऱ्या भागाबद्दल धाकट्याचं मत पक्कं होतं. निरोप घेऊन, चपला घालून, दारापर्यंत पोचलेल्या पाहुण्याने "अरे हो, एक सांगायचंच राहिलं" म्हणत परत येऊन पंख्याखाली बसणं, म्हणजे दुसरा भाग. तिसऱ्या भागात तोच पाहुणा उशी मागतो. आणि जुन्या सिनेमाचा रिमेक म्हणजे शेजारच्याचा पेपर उतरवताना त्याचं नावही उतरवून मोकळं होणं. एवढं सगळं ऐकवून झालं की धाकटा निमूटपणे त्याच दुसऱ्या भागाची दोन तिकिटं काढायचा. कारण बुधवार असायचा, आणि बुधवारी बाबांना सिनेमाला न्यायचं असायचं.

धाकटा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. फ्रेमच्या मापाने काच कापायची, कड घासायची, बसवायची, पुसायची. दुकानाला सुट्टी बुधवारी. बाबा अडुसष्ट वर्षांचे, वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त खात्यातून, तपासण्यातून नव्हे. पॉपकॉर्नचा डबा हातात आला की आधी उचलून त्याचा तळ बघायचे. "वर रुंद, खाली अरुंद. फसवणूक आहे," असा निकाल देऊन मग सगळा संपवायचे. आई गेली त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून बुधवारचा पावणेएकचा शो दोघांनी एकदाही चुकवला नव्हता. चाळिशीची ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि संध्याकाळी फोन करून विचारायची, "आज कोणाचं वाटोळं केलंत?"

बाबांचं एक होतं. इंटर्व्हलपर्यंत टक्क जागे. इंटर्व्हलला चहा. दिवे पुन्हा मालवले की सातव्या मिनिटाला मान छातीवर. घड्याळ लावून घ्यावं इतकं अचूक. मग सिनेमा सुटल्यावर बसथांब्याकडे चालताना घसा खाकरून विचारायचे, "हं चिरंजीव, मग पुढे काय झालं?" आपण झोपलो होतो हे त्यांनी मरेस्तोवर कबूल केलं नसतं. "जरा डोळे मिटले होते. तेवढंच सांग."

पहिली दोन वर्षं धाकट्याने इमानेइतबारे खरं सांगितलं. मग एका बुधवारी त्याला कंटाळा आला. त्या दिवशीच्या सिनेमात तस्कर दीपगृहासकट स्फोटात उडाला होता, बूटसुद्धा शिल्लक राहिला नव्हता.

"मग तो तस्कर?" बाबांनी विचारलं.

"वाचला. एका गावात जाऊन दातांचा दवाखाना टाकला. शेवटी फौजदार दाढ दुखते म्हणून नेमका तिथेच जातो. खुर्चीत बसतो, आ करतो, वर बघतो तर हा."

"परवाना होता का त्याच्याकडे?"

"कसला?"

"दवाखान्याचा."

"नव्हता."

"वाटलंच मला," बाबा म्हणाले, आणि अख्ख्या वाटेत खुशीत होते.

झालं. त्या दिवसापासून धाकट्याने खरा शेवट सांगणं सोडून दिलं. जगाला वाचवण्यासाठी सूर्यात उडी घेतलेला यंत्रमानव त्याने एका वाचनालयात पुस्तकं देण्याच्या खिडकीवर बसवला आणि त्याला धुळीने शिंका आणल्या. ("यंत्राला शिंक?" बाबा म्हणाले. "फिल्टर बदलला नसेल.") राजकन्यांना त्याने वीजमंडळात चिकटवलं. कुणाला कळणार होतं? बाबा दुसऱ्यांदा सिनेमा बघत नसत, आणि ताईला सिनेमापेक्षा या थापांतच जास्त रस होता.

एकदाच तो वाईट वागला.

त्या दिवशी सकाळी मालक कसलीशी मोजदाद करायला म्हणून आले होते, आणि त्यांनी धाकट्यालाही सुट्टीच्या दिवशी बोलावलं होतं. बाबा डबा द्यायच्या निमित्ताने खिशात पट्टी घेऊन आले. तयार होऊन ठेवलेला एक चष्मा त्यांनी मोजला आणि मालकांना सांगितलं, "डावी काच अर्धा मिलिमीटर सरकलीय. आमचे चिरंजीव काचा उत्तम घासतात, डोकं घासत नाहीत." काच खरंच सरकलेली होती, आणि तेच जास्त झोंबलं. मालक जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुपारी दोघं एक साधा घरगुती सिनेमा बघायला गेले. एक म्हातारा, एक मुलगा, दोघांचं पटत नाही. शेवटी म्हातारा आजारातून उठतो आणि मुलगा त्याला घरी घेऊन येतो. बस्स.

"मग पुढे काय झालं?" बाबांनी विचारलं.

"दोघं सिनेमाला गेले," धाकटा म्हणाला. "म्हातारा खुर्चीत झोपला. उठलाच नाही."

"मुलाने उठवून बघितलं नाही?"

"नाही. पिक्चर रंगात आला होता."

त्या दिवशी बाबांनी काही तपासलं नाही. बस आली तशी चढले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

वर्षभराने दीपगृहवाल्या सिनेमाचा दुसरा भाग आला. धाकट्याने नेहमीचं पाहुण्याचं भाषण केलं, तिकिटं काढली, डबा बाबांकडे तपासायला दिला. पडदा उजळला. पांढरी भिंत. पांढरा कोट. दिव्याखाली आ केलेलं तोंड, आणि त्या तोंडावर वाकलेला, स्फोटात उडालेला तस्कर.

धाकटा मोठ्याने हसला. एकटाच.

मग त्याच्या लक्षात आलं की हसण्यासारखं काही नाहीये. इंटर्व्हलला त्याने शेजारच्या बाईंना विचारलं, "पहिल्या भागात हा मेला होता ना?"

"मेला कुठे? दाढ नाही का काढत शेवटी?" बाई म्हणाल्या. "तोच तर सीन भारी होता."

घरी गेल्यावर त्याने फोनवर पहिला भाग लावला आणि शेवटाकडे सरकवला. दीपगृह होतं. धूर होता. धूर विरला आणि दातांचा दवाखाना दिसला. खुर्चीतल्या फौजदाराने तोंडातला कापूस काढला आणि विचारलं, "परवाना आहे का तुझ्याकडे?"

हे वाक्य बाबांचं होतं. फुटपाथवर, बसथांब्याच्या अलीकडे, फक्त दोघांत झालेलं.

त्याने ताईला फोन केला. ती म्हणाली, "मीसुद्धा बघितलाय तो, दाढच काढतो. तूच विसरलास. तुझं लक्ष कधी धड असतं का रे?"

"ताई, ती माझी थाप होती. तुला सांगितली होती, आठवत नाही?"

"थापा मारायला पण अक्कल लागते, धाकट्या. झोप आता."

त्याने स्वतःची समजूत घातली. माणूस विसरतो. थाप आणि सिनेमा डोक्यात एकमेकांत मिसळतात. काचा घासणाऱ्याला एवढं तरी कळतं की बघणाऱ्याचा नंबर बदलला की समोरचं सगळंच बदलतं. समजूत चांगली होती. दोन महिने टिकली. मग यंत्रमानवाच्या सिनेमाचा रिमेक आला, नवे नट, नवे कपडे. वाचनालयाच्या खिडकीमागे बसलेला यंत्रमानव शिंकला, आणि त्याची पाठ उघडून एक तंत्रज्ञ म्हणाला, "फिल्टर बदललेला नाही."

धाकट्याच्या तोंडात पॉपकॉर्न होते. ते बराच वेळ तसेच राहिले.

शो सुटल्यावर बाबा बाहेरच्या दालनात एका पोस्टरपुढे मागे हात बांधून उभे होते. पोस्टरवर एक रिकामी खुर्ची होती.

"हा आपण बघितला होता ना?" ते म्हणाले. "म्हातारा आणि मुलगा. दुसरा भाग येतोय. पुढच्याच बुधवारी."

त्या आठवड्यात धाकट्याने सात चष्मे बिघडवले. शनिवारी त्याने धीर केला आणि बाबांसमोर जाऊन बसला.

"बाबा, तो म्हातारा मेला नव्हता. मी रागात खोटं सांगितलं. तो बरा होऊन घरी गेला होता."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "असं कसं? परवा टीव्हीवर लागला होता. मी मुद्दाम जागून शेवट बघितला. तू सांगितलास तस्साच आहे." मग म्हणाले, "मुलाने एक हाक मारायला हवी होती. एवढंच वाटलं."

मंगळवारी धाकट्याने ताप आल्याचं सोंग केलं. "मग मी एकटा जाऊन येतो," बाबा म्हणाले. ते तर त्याहून वाईट होतं. बुधवारी ताप उतरला.

जाण्याआधी त्याने बाबांना दोनदा कडक कॉफी पाजली. नेहमीची रांग सोडून दाराजवळच्या खुर्च्या घेतल्या. सिनेमा सुरू झाला. पडद्यावरचा मुलगा रिकाम्या घरात वावरत होता आणि एकेक गोष्ट आठवत होता: आजारपण, भांडण, शेवटचा सिनेमा. इंटर्व्हलला धाकट्याने बाबांना तिसरी कॉफी दिली.

"आज काय बेत आहे? मला पळायला लावणार आहेस का?" बाबा म्हणाले.

दिवे मालवले. धाकट्याने घड्याळाकडे बघितलं. पाच मिनिटं. सहा. त्याने बाबांच्या दंडाला चिमटा काढला.

"काय रे?"

"काही नाही. डास."

सातव्या मिनिटाला बाबांची मान छातीवर आली.

"बाबा."

त्याने दंड हलवला. पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्याने. मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं.

त्याने बाबांच्या नाकापुढे बोटं धरली. श्वास होता. बारीक, पण होता.

मग त्याने पडद्याकडे बघितलं.

पडद्यावर एक अंधारं थिएटर होतं. दाराजवळच्या रांगेत एक म्हातारा मान टाकून बसला होता, आणि शेजारचा तरुण त्याच्या नाकापुढे बोटं धरून होता.

तरुणाच्या अंगात धाकट्याचा शर्ट होता. मनगटावरच्या तुटक्या बटणासकट. बाकीचं थिएटर शांतपणे बघत होतं. कुणी मान वळवली नाही.

पडद्यावरच्या तरुणाने बोटं मागे घेतली. पुन्हा धरली. पुन्हा मागे घेतली.

धाकट्याची बोटं अजून नाकापुढेच होती. त्यांना आता काही लागत नव्हतं.

सांगितलेलं खरं होत असेल, तर सांगायला वेळ होता. सिनेमा अजून संपला नव्हता. तो बाबांच्या कानाशी वाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला विनोद सुचला नाही.

"बाबा, ऐका. पुढे काय झालं सांगतो. मुलाने हाक मारली. म्हातारा उठला. दोघं घरी गेले. पुढच्या बुधवारी परत आले."

त्याने बाबांचा दंड घट्ट धरला.

"त्याच्या पुढच्या बुधवारीही आले. म्हातारा तसाच. ठणठणीत. त्याला काही होत नाही."

बाबांचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच. "किती दिवस?"

"संपतच नाही, बाबा. चालूच राहतं."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी डोळे उघडले.

पडदा पांढरा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या, कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं. बसथांब्याकडे चालताना त्यांनी या खेपेला काही विचारलं नाही. धाकटा घरी येऊन पडला तो पालथा, बुटांसकट, आणि मेल्यासारखा झोपला.

सकाळी तो दुकानात गेला तर शटर बंद. वर पुठ्ठा लटकत होता: बुधवारी बंद. पुठ्ठ्यावरची अक्षरं उडालेली होती, काल-परवापर्यंत ती ठसठशीत होती. त्याने फोन बघितला. बुधवार. काहीतरी घोळ झाला असेल म्हणून घरी परतला, तर बाबा बूट घालून दारात.

"चल. पावणेएकचा आहे ना?"

थिएटरच्या दालनात तेच पोस्टर होतं, तीच रिकामी खुर्ची. खाली लहान अक्षरांत लिहिलं होतं, भाग तेहेतिसावा. खिडकीतली तिकीटवाली नवी होती. तिने न विचारताच दाराजवळच्या दोन खुर्च्या दिल्या, आणि मान वर न करता म्हणाली, "आधी इथे माझी आई बसायची. तिने सांगून ठेवलंय, या दोन तुमच्याच."

आत बसल्यावर धाकट्याने पडद्याकडे बघितलं नाही. इंटर्व्हल झाला तसा तो बाहेर आला आणि त्याने ताईला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला आणि बराच वेळ खोकलं.

"ताईला द्या जरा," तो म्हणाला.

"धाकट्या, मीच."

आवाज एका म्हातारीचा होता. दम खाऊन, शब्द जुळवत बोलणारा.

"ताई, आज वार कोणता?"

"बुधवारच की. तुझा फोन दुसऱ्या कोणत्या वारी येतो? बाबा कसे आहेत?"

धाकट्याने दारातून आत बघितलं. बाबा खुर्चीत ताठ बसून चहावर फुंकर घालत होते.

"बरे आहेत. चहा घेतायत."

"अडुसष्टचेच ना अजून?"

"हो."

ताई पुन्हा खोकली.

"मला परवा एकाहत्तर झाली," ताई म्हणाली. "या खेपेला झोपू दे रे त्यांना."